परका छापा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि आधी कोण फोन ठेवतं याचीच शर्यत लागते. कागद तुला मधेच तोडता येत नाही. फाडता येतो, पण आधी वाच.

बातमी आनंदाची आहे. टांकसाळ आपल्या जुन्या इमारतीत नाण्यांचं संग्रहालय काढतेय. दारातून आत गेल्या गेल्या एका काचेच्या पेटीत काय ठेवणार आहेत, ओळख बरं? ते नाणं! बाबांचं! एका नाण्याचा छापा आणि भलत्याच नाण्याचा काटा असलेलं. असली नाणी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. संग्राहक त्यांना 'खेचर' म्हणतात, कारण आई एका जातीची आणि बाप दुसऱ्या. लिलावात त्यासाठी भली भली माणसं एकमेकांच्या उरावर बसतात.

मी संग्रहालयाला कळवलं की त्या दिवशी यंत्रात ठसे बसवणारा माणूस म्हणजे माझे वडील, आणि ते चांगले खणखणीत आहेत. तिथल्या बाई फोनवर आनंदाने किंचाळल्याच. उद्घाटनाला बाबांचा सत्कार करायचा म्हणतात. पेटीखालच्या पितळी पाटीवर त्यांचं नाव कोरणार.

ताई, इतकी वर्षं आपल्या घरात हा विषय कोणी काढू दिला नाही. मी लहान होतो, मला तर कोणी काही सांगितलंच नाही. पण आता जगच म्हणतंय की ती चूक नव्हती, तो ठेवा आहे. बाबांना तयार कर. त्यांना कोट शिवू. मापं पाठव, इथला शिंपी हुशार आहे.

तुझा
धाकटा

ता. क. बाबांनी तेव्हा त्यातलं एखादं नाणं जपून ठेवलं नव्हतं ना? सहज विचारतो.


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. द्यायची रीत आहे म्हणून.

तुझं पत्र फाडलं नाही. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासता घासता सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. घासताना हसू नये, काच हातची जाते. माझी गेली. दुकानदार ओरडत आला, तर त्यालाही तेवढा भाग पुन्हा वाचून दाखवला. मग तोही हसला. सगळ्यांना आवडलं ते ता. क. 'सहज विचारतो.' अरे, जन्मात तू काही सहज विचारलेलं नाहीस. लहानपणी 'ताई, तुझं पोट भरलं का?' असं विचारायचास, तेव्हाही डोळा माझ्या ताटातल्या उरलेल्या घासावर असायचा.

तुला कोणी काही सांगितलं नाही, हे मात्र खरं. आता सांगते, नीट बसून वाच.

बाबा पांढऱ्या नाण्याच्या खात्यात होते. यंत्रात दोन ठसे बसवायचे, एक छाप्याचा, एक काट्याचा. मधे कोरी चकती सरकते, दाब पडतो, नाणं तयार. जाळीपलीकडे दुसरं खातं, दुसरं नाणं, दुसरे ठसे. आकाराला दोन्ही नाणी जवळपास सारखीच. एके दिवशी बाजारात असं नाणं निघालं की छापा बाबांच्या खात्यातला आणि काटा पलीकडचा. पेपरात त्याचा काळाकुट्ट फोटो छापून आला. टांकसाळीची छी थू झाली. वरपासून खालपर्यंत साहेबलोकांची झोप उडाली, आणि ती परत येण्यासाठी कोणाची तरी मान हवी होती. छापा पांढऱ्या खात्यातला, म्हणून मान बाबांची.

तू म्हणतोस ठेवा. या ठेव्यापायी बाबांचे बूट रोज संध्याकाळी फाटकावर उलटे करून झटकले जायचे. घरी झडती झाली, पिठाचा डबा जमिनीवर ओतला. तुझा कापडी हत्ती होता ना, ज्याचं पोट आईने हिरव्या दोऱ्याने शिवलं होतं? ते पोट नाण्यांसाठी त्यांनी फाडलं होतं. तू हत्तीला लागलं म्हणून रडलास. तुला सांगितलं, तो आजारी होता.

बाबा म्हणाले, "नाणं दाखवा." अधिकाऱ्यांनी पेपरातलाच फोटो पुढे सरकवला. नाणं म्हणे पुरावा आहे, बघायचं नाही. मग एक कागद आणला. 'ठसे माझ्या हातून चुकून बसले' एवढंच लिहिलेलं. सही करा, एक वेतनवाढ रोखून भागवतो. बाबा म्हणाले, "मी हे केलेलं नाही." सही केली नाही. नोकरी गेली. मी शाळा सोडून काचा घासायला लागले, आई दुकानांची शिलाई आणून घरी करायला लागली, आणि तू शिकलास. छान शिकलास. पत्रात एकही शुद्धलेखनाची चूक नाही.

त्याच टांकसाळीला आता बाबांचा सत्कार करायचाय. जे केलं नाही म्हणून माणूस बरबाद झाला, त्याबद्दलच! त्या बाईंना सांग, किंचाळायचं असेल तर तिकडेच किंचाळा.

कोट नको. बाबा पंख्याखालीसुद्धा बनियनवर बसतात.

ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

हत्तीचं मला खरंच माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

पण ताई, तू त्याच दिवसात अडकून बसली आहेस. बाबा तेव्हा 'मी केलेलं नाही' म्हणाले, ते साहजिकच होतं. नोकरीचा प्रश्न असला की कोण कबूल करतं? आता कोणी त्यांना शिक्षा करणार आहे का? आता 'हो, माझ्याच हातून झालं' म्हटलं की टाळ्या आहेत. मान्य करण्यात तोटा काय, मला सांग.

एक गोष्ट आधी लिहायची राहून गेली. पेटीत ठेवणार ते नाणं आमच्या साहेबांचं आहे. हो, आमच्या फरशीच्या कंपनीचे मालक. त्यांनी लिलावात घेतलं आणि संग्रहालयाला मांडायला दिलं. त्यांना कळलं की तो माणूस माझा बाप आहे, तेव्हापासून मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची देतात. नव्या शाखेचा प्रमुख कोण, हे याच महिन्यात ठरणार आहे. याचा त्याच्याशी संबंध नाही, पण तुझ्या कानावर असावं.

आणि आता रागावून उपयोग नाही. निमंत्रणं छापून झाली. बाबांचा लग्नातला फोटो मी दिला, आईला कापून. संग्रहालयाच्या बाई पुढच्या आठवड्यात घरी येतील. निदान चहा दे त्यांना.

धाकटा


२ मार्च

चि. धाकट्यास,

आईला कापून. वा! साहेबांच्या केबिनमधली खुर्ची फार मऊ असणार.

तुझ्या बाई येऊन गेल्या. चहा दिला, साखरसुद्धा घातली. बाई तरुण आहेत, गोड आहेत, आणि डोक्यात जे भरून आल्या होत्या त्याच्या पलीकडचं काही ऐकायला तयार नाहीत. बरोबर कॅमेरावाला. त्याने आल्या आल्या आपली चांगली खुर्ची बाजूला केली आणि बाबांना मोडक्या स्टुलावर बसवलं. म्हणे, 'कामगाराचं घर' वाटलं पाहिजे. मी त्याला विचारलं, "भिंतीचे पोपडे पुरेत का, की अजून काढून देऊ?" तो म्हणाला, "नको ताई, पुरेत."

बाईंनी विचारलं, "आजोबा, त्या ऐतिहासिक क्षणी तुमच्या मनात काय आलं?"

बाबा म्हणाले, "कुठल्या?"

"ते नाणं घडलं तेव्हा."

"मला काय ठाऊक? मी नव्हतो तिथे."

बाई माझ्याकडे बघून कीव आल्यासारख्या हसल्या आणि हळूच म्हणाल्या, "वयामुळे होतं असं."

मी तिथेच त्यांना वहाणा दाखवणार होते, म्हणजे दाराकडच्या, जायला सोप्या पडाव्यात म्हणून. पण बाबांनी हात वर केला. त्यांनी विचारलं, "ते नाणं तिथे असेल का? खरं? समोर?"

"असेल ना आजोबा! आत्ता फोटो दाखवू?" असं म्हणून त्यांनी मोबाइल काढला.

"फोटो नको," बाबा म्हणाले. "फोटो त्यांनी तेव्हापण दाखवला होता."

आणि मग ते मला म्हणाले, "जाऊ या आपण."

मी बाई जाईपर्यंत गप्प बसले. मग पाऊण तास बोलले. तुझा उद्धार केला, टांकसाळीचा केला, तुझ्या साहेबाचा केला, त्या माणसाला मी बघितलेलंही नाही. बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अगं, माझी नोकरी गेली त्या नाण्यापायी. तुझी शाळा गेली. आणि ते दिसतं कसं, हे मला आजपर्यंत माहीत नाही. सत्कार गेला खड्ड्यात. मला ते बघायचंय."

मी एवढी वर्षं त्यांच्या वतीने रागावते आहे. त्यांना काय हवंय हे विचारायचं राहिलंच.

येतो आम्ही. कोट नाही. इस्त्रीचा सदरा घालून येतील. तुझ्या साहेबांना सांग, नाणं पुसून ठेवा.

ताई


१८ मार्च

ताई,

नमस्कार-बिमस्कार काही लिहीत नाही.

तू काय केलंस याची तुला कल्पना आहे का? एवढी माणसं, पेपरवाले, टांकसाळीचे आजी-माजी अधिकारी, पहिल्या रांगेत आमचे साहेब आणि त्यांच्या शेजारी मी. बाबा माइकवर एक वाक्य बोलले, "मी हे केलेलं नाही, तेव्हाही सांगितलं होतं." लोकांना वाटलं, किती नम्र माणूस! सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. बाई डोळे पुसत होत्या. गोष्ट तिथेच गोड होऊन संपली असती. साहेबांनी माझ्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला होता.

आणि तू उठलीस. "टाळ्या बंद करा! ते नम्रपणा करत नाहीयेत, खरं बोलतायत!" शिवाय काहीतरी रंगाचं ओरडत होतीस, ते माइकच्या खरखरीत कोणाला कळलं नाही. सुरक्षारक्षक तुझ्याकडे धावले. साहेबांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. मी तुझा हात धरून बाहेर नेत होतो, तेव्हा तू मला जे म्हणालीस, ते मी इथे लिहीत नाही.

बाबा तर हसत होते! मी पाहिलं. पेटीपाशी उभे राहून एकटेच हसत होते. माझी शोभा होत असताना.

असो. झालं ते निस्तरायला एक मार्ग आहे. सोबत एक कागद पाठवतो. साहेबांच्या वकिलाने तयार केलाय. 'सदर नाणे घडले तेव्हा ठसे मी स्वतः बसवले होते' एवढंच. बाबांनी खाली सही करायची. नाण्यामागे त्याची खरी कहाणी असली, घडवणाऱ्याची सही असली, की त्याचा भाव वेगळाच होतो म्हणे. साहेब पुढेमागे ते विकणार असतील, मला माहीत नाही, विचारलं नाही. पण हा कागद आला तर परवाचं सगळं विसरू म्हणालेत. शाखेचं अजून ठरलेलं नाही.

एक सही, ताई. बाबांचं काय जातंय?

धाकटा


२७ मार्च

चि. धाकट्यास,

तुझं पाकीट आलं. तो कागद वाचला. जुन्या कागदाचाच भाऊ. तेव्हा 'चुकून' होतं, आता 'स्वतः' आहे. तेवढी प्रगती झाली म्हणायची.

बाबा का हसत होते, ते विचारण्याचं तुझ्या मनात आलं नाही. सांगते.

उद्घाटनाच्या आधी मी त्यांना पेटीपाशी नेलं. गर्दी नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, काचेला नाक लावलं. वर दिवा सोडला होता. बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, हे पिवळं आहे."

मी म्हटलं, "मग?"

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून मी लहानपणी जो चुरा झाडायचे, तो पांढरा असायचा. त्यांच्या खात्यात पांढऱ्या चकत्याच येत. पिवळ्या चकत्या जाळीपलीकडे. पेटीतलं नाणं पिवळ्या चकतीवर पडलंय, म्हणजे ते पलीकडच्या यंत्रात पडलंय. पलीकडच्या कोणीतरी पांढऱ्याचा छापा नेऊन आपल्या यंत्रात बसवला. बाबांच्या यंत्रातून हे बाहेर पडूच शकत नाही. हे समजायला टांकसाळीत काम करावं लागत नाही, धाकट्या, डोळे असावे लागतात. पेपरातला फोटो काळा-पांढरा होता, म्हणून तोच समोर सरकवत होते. खरं नाणं त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. ज्यांनी चौकशी केली त्यांना रंग दिसत नव्हता, असं मला कोणी सांगू नये. त्यांना पलीकडच्या खात्याचा फोरमन दिसत होता, जो कोणातरी मोठ्याचा मेहुणा होता. बाबांना मेहुणेच नव्हते.

म्हणून ते हसत होते. मला म्हणाले, "एवढंसं होतं गं. नुसतं खण उघडायचं काम होतं."

नंतर स्टेजवर त्यांनी तेच वाक्य म्हटलं, जे चौकशीत म्हटलं होतं. तेव्हा तुमच्या त्या आजी-माजींनी त्याला खोटारडेपणा म्हटलं. परवा त्याला नम्रपणा म्हणून टाळ्या दिल्या. खरं मात्र ना तेव्हा कोणाला वाटलं, ना आता. मला ते सहन झालं नाही. झाली असेल तुझी शोभा. पोट भरून झाली असली तर बरं.

आता तुझ्या कागदाचं.

मला तो चुलीत घालायचा होता, पण पाकिटावर नाव बाबांचं होतं, म्हणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भिंग लावून सबंध वाचला. विचारलं, "हा कोणी पाठवला?"

मी म्हटलं, "तुमच्या चिरंजीवांनी. त्यांच्या साहेबाला हवाय."

मला वाटलं, आता फाडतील. त्यांनी कागदाची मुडपलेली कड अंगठ्याने सरळ केली. मग विचारलं, "त्याचं काही अडलंय का?"

मी कागद मागे ओढायला लागले.

"अडलं असेल तर करतो मी सही. पेन आण."

ऐकलंस? ज्या वाक्यापायी त्यांनी नोकरी गमावली, आईचे डोळे शिलाईवर गेले, माझी पाटी-पेन्सिल गेली, ते वाक्य ते तुझ्यासाठी लिहून द्यायला निघाले. उठून स्वतःच पेन शोधायला लागले. मी पेन लपवलं. लहान मुलांपासून कात्री लपवतात तसं, पदराखाली.

कागद परत पाठवते आहे, कोरा. सही हवी असेल तर तू स्वतः ये. बाबांच्या समोर बस, माझं काय अडलंय ते तुझ्या तोंडाने सांग, आणि पेन तुझ्या हाताने दे. ते करतील. मी मधे एक अक्षर बोलणार नाही. चहासुद्धा करीन.

ताई


३० एप्रिल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

उशीर झाला. दोनदा पत्र लिहायला घेतलं, पण तुझं ते पान पुढे असलं की माझी वाक्यं मलाच वाचवेनात.

मी आलो नाही, म्हणजे तुला कळलंच असेल. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "हा तर कोराच आहे. वडील सही करत नाहीत?"

मी म्हटलं, "करतात. मी घेत नाही."

त्यांना काही कळलं नाही. मला वाटतं बोलून झाल्यावर मलाच कळलं. ते म्हणाले, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका, उद्या सांगा. मी म्हटलं, उद्याही हेच. शाखा दुसऱ्याला गेली. मी सध्या गोदामात आहे. फुटक्या फरशा वेगळ्या काढायच्या आणि चांगल्या वेगळ्या. तुझी भावजय म्हणते, निदान संध्याकाळी घरी वेळेवर येता. ती खरंच म्हणते की टोमणा मारते, हे अजून उमगलेलं नाही. तुला विचारलं असतं, पण तू नक्की टोमणाच आहे म्हणशील.

तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, पांढऱ्या नाण्याचं खातं. ते मी वाचलं आणि पुढे गेलो. नाणं पिवळं आहे हे मी केबिनमध्ये हातात घेऊन पाहिलं होतं, ताई. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या एवढंच होतं. ठेवल्या नाहीत.

संग्रहालयात गेलो. बाई आधी ऐकेनात. म्हणाल्या, पाटी पितळेची आहे, कोरून झाली आहे, लोकांना गोष्ट आवडते. मी म्हटलं, चला पेटीपाशी. तिथे त्यांना रंग दाखवला आणि जाळीचं सांगितलं. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. टांकसाळीतल्या निवृत्त लोकांना त्यांनी स्वतः विचारलं होतं, सगळे म्हणाले, पिवळी चकती पांढऱ्या खात्यात कधीच येत नसे. मग त्या वरिष्ठांकडे गेल्या. वरिष्ठ म्हणाले, जुनी चौकशी पुन्हा उघडता येणार नाही, दिलगिरी वगैरे तर मुळीच नाही, टांकसाळ दिलगिरी व्यक्त करत नसते. मी तिथे बराच आवाज चढवला. तुझाच भाऊ आहे, हे सुरक्षारक्षकाने ओळखलं.

शेवटी एवढंच पदरात पडलं: पाटी बदलतील. बाबांचं नाव काढतील. दुसऱ्या कोणाचं घालणार नाहीत.

मला माहीत आहे हे फार थोडं आहे. भरपाई नाही, माफी नाही. तू हसशील. हस.

बाबांना काय सांगायचं ते तूच ठरव. मला तोंड नाही.

धाकटा


९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हसले. पण तू समजतोस त्याला नाही. टांकसाळ दिलगिरी व्यक्त करत नसते, या वाक्याला. ते पेटीत ठेवायला हवं, त्या खेचराच्या शेजारी. दोघंही तितकीच दुर्मीळ जनावरं.

आणि तुझी बायको टोमणाच मारते आहे. तिला माझा निरोप सांग, सवय मोडू नकोस.

तुझं पत्र मी बाबांना सगळं वाचून दाखवलं. गोदामाचं वाचलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे अडलं होतं त्याचं." मी म्हटलं, "हो, आणि त्याने सांगितलं नाही." 'करतात, मी घेत नाही' हे त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग कागद माझ्या हातातून घेतला आणि घडी घालून उशीखाली ठेवला. आता तो मला मिळत नाही.

पाटी बदलल्याचा बाईंचा फोन आला, तसे आम्ही काल गेलो. कोणी स्वागताला नव्हतं, कॅमेरा नव्हता, मोडकं स्टूल नव्हतं. तिकीट काढून आत गेलो, चार लोकांसारखे. बाबांनी पुन्हा चष्मा पुसला. नाण्याकडे त्यांनी बघितलंही नाही, थेट पाटी वाचायला लागले. मोठ्याने, एकेक शब्द सावकाश, शाळेत उभं करून वाचायला लावतात तसं. शेवटची ओळ अशी आहे: 'हे ठसे यंत्रात कोणी बसवले, हे ज्ञात नाही.'

"ज्ञात नाही," बाबा म्हणाले. मग परत म्हणाले, "ज्ञात नाही." जसं काही कोणी त्यांना पदवी दिली.

मला राग आलाच. म्हटलं, बाबा, यात खूश होण्यासारखं काय आहे? एवढ्या वर्षांनी तुमचं नाव पुसलं, एवढंच तर केलं यांनी. ज्यांनी घोटाळा केला ते सुखाने निवृत्त झाले. मी आणखीही बरंच बोलले असते. तुला ठाऊक आहे मी किती बोलू शकते.

तेवढ्यात एक जोडपं आलं. नवरा जाडा, माहितगार. त्याने बायकोला पाटी वाचून दाखवली, मान हलवली, आणि शेजारी उभे असलेल्या बाबांकडे वळून म्हणाला, "काय एकेक माणसं असतात बघा आजोबा! एका नाण्याचा छापा, दुसऱ्याचा काटा. बसवताना डोळे कुठे होते याचे? कोण असेल हो हा वेंधळा?"

मी पुढे व्हायला लागले. बाबांनी माझं मनगट धरलं. त्या माणसाकडे वळले, अगदी मोकळेपणाने, आणि म्हणाले,

"कोणास ठाऊक! आपल्या ओळखीचा नाही."

तुझी
ताई